टीव्ही मध्येच काळा पडतो? महागडी एचडीएमआय केबल घेण्याआधी हे करून बघा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. मॅच किंवा सिनेमा चालू असतो, पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो आणि चित्र आपसूक परत येतं. थोडा वेळ बरं चालतं, की पुन्हा तेच. काही घरांत चित्रावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकून जातात, काही ठिकाणी ‘नो सिग्नल’ची पाटी येते, तर कुठे चित्र शाबूत असतं आणि फक्त साउंडबारचा आवाज तुटतो. दुकानात जाऊन हे सांगितलं की उत्तर तयार असतं: “साहेब, तुमची केबल साधी आहे. ही घ्या, सोन्याचा मुलामा, ८के. चित्रातसुद्धा फरक जाणवेल.”

मी सांगली-मिरजेत टीव्ही, साउंडबार, प्रोजेक्टर बसवून देतो. केबल विकत नाही, त्यामुळे या बाबतीत माझं मत जरा मोकळं असतं. एचडीएमआय केबल म्हणजे बॉक्स टीव्हीला जोडणारी वायर. ती महाग घेतली म्हणून चित्र सुधारत नाही. केबल एक तर काम निभावते किंवा निभावत नाही. निभावत नसेल तर बदलावी लागते हे खरं, पण तिच्या जागी जी लागते ती काचेच्या कपाटातलीच असते असं नाही. म्हणून दोष केबलचाच आहे का, हे आधी घरी ठरवायचं. त्याला पैसे लागत नाहीत.

आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या

पडदा काळा झाला रे झाला की टीव्हीच्या रिमोटवरचं मेनूचं किंवा सेटिंगचं बटण दाबा. सेटटॉप बॉक्सचा रिमोट नव्हे, टीव्हीचा. काळ्या पडद्यावर मेनू दिसला तर टीव्ही ठणठणीत आहे, बाहेरून येणारा सिग्नल तुटलाय. मेनूही दिसला नाही, पण आवाज चालू आहे, तर खोलीतला दिवा घालवून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. मागे अंधूक चित्र हलताना दिसलं तर पॅनेलच्या मागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, दगा देतोय. त्याला जगातली कुठलीही केबल उपाय नाही. हे दोन मिनिटांचं काम न करता लोक आधी केबल आणतात, मग स्टेबिलायझर, आणि शेवटी टीव्ही मेकॅनिककडे जातो.

मेनू दिसतोय, म्हणजे सिग्नलचाच घोळ आहे, असं ठरलं की दुसरी खूण बघा. काळोखानंतर चित्र जिथे होतं तिथून थेट पुढे सुरू होतं, की आधी स्ट्रीमिंग स्टिकचा (टीव्हीत खोचून नेटवरचे सिनेमे दाखवणारी काडी) किंवा बॉक्सचा लोगो येतो? लोगो येत असेल तर ते यंत्रच बंद पडून पुन्हा सुरू होतंय. स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर चालवणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ठरलेल्या नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर मिळतात आणि स्टिकसोबत येणारं अडॅप्टर असतं १ अँपिअरचं. गाणी ऐकेपर्यंत भागतं, ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्र, सुरू झालं की स्टिकचा दम निघतो. अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, विषय मिटला. टीव्हीमागे भिंतीला चिकटून तापलेली स्टिकही अशीच वागते, तिच्यासोबत मिळालेला छोटा जोड वापरून तिला जरा मोकळ्या हवेत आणा.

आणखी एक प्रकार आहे, ज्याला मी बिघाडच म्हणत नाही. काळा पडदा फक्त सिनेमा सुरू होताना आणि संपताना येतो, मध्ये एकदाही नाही. अशा वेळी बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ किंवा ‘मॅच कंटेंट’ असं काहीतरी चालू असतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, घरचा मेनू ६० चा. बदल करताना टीव्ही आणि बॉक्स नव्याने जुळवून घेतात आणि तेवढ्यात पडदा काळा होतो. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) चालू-बंद होतानाही तेच. ते चालू असणं चांगलंच आहे, असू द्या.

‘चित्रात फरक जाणवेल’ हे कुठून आलं

हे वाक्य एके काळी खरं होतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरी होत्या, तेव्हा त्यांतून जाणारा सिग्नल अखंड चढ-उताराचा, ॲनालॉग होता. वायर हलकी असली की रंग फिके पडत, बाजूच्या वायरीचा गुणगुणाट आवाजात शिरे, चित्राला सावली येई. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तार बदलली की सूर बदलतो, तसंच ते होतं: तारेचा पोत थेट कानापर्यंत पोचायचा.

एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं आणि तो हिशोबच संपला. या केबलमधून चित्र जात नाही, आकडे जातात. समोरच्या टोकाला टीव्ही प्रत्येक वेळी एवढंच ठरवतो की हा शून्य आहे की एक. नीट ओळखता आला तर चित्र पाठवलं तसंच मिळतं, मग केबल तीनशेची असो वा तीस हजारांची. ओळखताना क्वचित चूक झाली तर ठिपका चमकतो. चुका वाढल्या की टीव्हीचा ताळमेळ सुटतो आणि पडदा काळा होतो. याच्या अधेमधे ‘थोडं धूसर’, ‘रंग जरा मेलेले’, ‘खोली कमी’ असं काही नसतं. केबलचा दोष ठिपके, काळोख, नो सिग्नल किंवा आवाज तुटणं याच रूपात समोर येतो.

तेव्हा रंग फिके वाटतात, काळा रंग राखाडी दिसतो, सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत हलतो, या तक्रारींसाठी केबलकडे बघूच नका. काळा राखाडी दिसणं बहुधा बॉक्स आणि टीव्ही यांच्यातल्या ‘लिमिटेड’ आणि ‘फुल’ या, काळा-पांढरा कुठून कुठवर मोजायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगचा मेळ न बसल्यामुळे असतं. गुळगुळीत हालचाल ही टीव्हीच्या मोशन सेटिंगची करामत. आणि संध्याकाळी सगळी गल्ली नेटवर बसली की चित्र पुसट होतं, ते नेटचं. दुकानात दोन टीव्ही शेजारी लावून केबलचा फरक ‘दाखवतात’, तिथे दोन्ही टीव्हींचा पिक्चर मोड सारखा आहे का, एवढंच विचारा.

पण सगळ्या केबल सारख्याच, असंही नाही

इंटरनेटवर दुसरी टोकाची माणसं आहेत. त्यांचं म्हणणं, डिजिटल आहे ना, मग सगळ्यात स्वस्त घ्या. ही मंडळी बहुतेक फक्त डिशचा बॉक्स बघत असावीत. खरी गोष्ट अशी की केबलमधून सेकंदाला किती आकडे न्यायचे आहेत, त्यावर सगळं आहे.

सेटटॉप बॉक्सचे एचडी चॅनेल साधारण १०८०आय असतात. त्याला केबलमध्ये सेकंदाला सव्वादोन गिगाबिटच्या आसपास जागा लागते (एक गिगाबिट म्हणजे शंभर कोटी शून्य-एक). हे इतकं कमी आहे की एचडीएमआयच्या सगळ्यात खालच्या, ‘स्टँडर्ड’ वर्गाच्या केबलची परीक्षाच मुळी या वेगावर होते. म्हणजे डिशसाठी बॉक्ससोबत आलेली बारीक केबल पुरेशी असते. फुल एचडी ६० चित्रांनी चाललं तर साडेचार गिगाबिटच्या आत भागतं. ४के सिनेमा २४ चित्रांनी, तर ८.९१. आणि तेच ४के ६० चित्रांनी, रंगात काटछाट न करता पाठवलं की आकडा एकदम १७.८२ वर जातो. प्लेस्टेशन ५ किंवा ताकदवान गेमिंग कॉम्प्युटर १२० चित्रांचं ४के काढतो, तिथे त्याच्याही पुढे. प्लेस्टेशन ५ स्वतः ३२ गिगाबिटपर्यंत जातो.

केबलचे वर्ग याच आकड्यांवर पडलेत. ‘हाय स्पीड’ म्हणजे १०.२ गिगाबिट, ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८. जुनी हाय स्पीड केबल सिनेमा सुखाने दाखवते आणि गेम लावला की डोळे मिचकावते, ते यामुळे. आणि ‘काल रात्रीपर्यंत छान चालत होतं हो’ हेही यामुळेच. केबल बिघडलेली नसते. कोणीतरी टीव्हीमध्ये एचडीएमआयचं वाढीव सेटिंग चालू केलेलं असतं, किंवा नवीन बॉक्स आल्यावर त्याने आपसूक ४के ६० निवडलेलं असतं. कडेवर चालणारी केबल कालपर्यंत तोल सांभाळत होती, आज तिच्यावर दुप्पट ओझं आलं.

मुख्य चाचणी

बॉक्स, स्टिक किंवा गेमिंग कन्सोलच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जा आणि ‘ऑटो’ काढून १०८०पी, ६० हर्ट्झ (फुल एचडी, सेकंदाला ६० चित्रं) ठेवा. एचडीआर बंद करा. मग नेहमीसारखं बघत बसा. जेवढ्या वेळात एरवी दोन-चारदा काळोख यायचा, त्याच्या दुप्पट वेळ द्या.

काळोख पूर्ण थांबला, तर ओझ्याचा प्रश्न आहे. केबल, तिची लांबी, मधला साउंडबार किंवा टीव्हीचा पोर्ट, यांपैकी कुणीतरी वेग झेपत नाही म्हणतंय. काळोख तसाच राहिला, तर केबलवरचा संशय पुष्कळ कमी करा. एक चतुर्थांश ओझंही न पेलणारी केबल म्हणजे आतून तुटलेली किंवा पिनेशी सैल झालेली केबल. ती चालू असताना टोकाशी हलकेच हलवून बघितली तर लगेच कळतं.

प्लेस्टेशन ५ वाल्यांसाठी जास्त सोपी वाट आहे. व्हिडिओ आउटपुटच्या सेटिंगमध्ये ‘४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट’ आहे. तिथे ऑटोमॅटिकऐवजी उणे १ किंवा उणे २ ठेवलं की तो वेग कमी करतो. उणे १ वर सगळं शांत झालं, तर केबलकडेच बोट जातं. तिथेही तपासा की डब्यातली मूळ केबलच लावली आहे ना. ती अल्ट्रा हाय स्पीडच असते, पण घर बदलताना ती कपाटात जाते आणि जुन्या सेटटॉप बॉक्सची केबल कन्सोलला लागते. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आत शिरल्यावर आधी कपाटच उघडायला सांगतो.

ओझ्याचाच प्रश्न ठरला तरी थेट दुकानात पळू नका. आधी मधला साउंडबार किंवा रिसीव्हर काढून बॉक्स सरळ टीव्हीला जोडा. काळोख गेला तर साउंडबारच ४के ६० पुढे सोडायला कमी पडतोय, किंवा ४केसाठी लागणारं एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारं कुलूप त्याच्याकडे नाही. अशा वेळी बॉक्स टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीतून एआरसीने (एचडीएमआय केबलमधूनच आवाज उलट पाठवायची सोय) साउंडबारकडे न्या. नवीन केबलचे पैसे वाचले. मग टीव्हीचा दुसरा पोर्ट लावून बघा. अनेक टीव्हींवर सगळे एचडीएमआय पोर्ट सारख्या ताकदीचे नसतात, पोर्टाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ज्या सेटिंगमुळे पोर्ट पूर्ण वेगाने उघडतो त्याची नावं कंपनीगणिक वेगळी: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘डीप कलर’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’. तुम्हाला फक्त डिश आणि सिनेमाच बघायचा असेल तर त्या पोर्टचं हे सेटिंग साधं ठेवणं हाही रोगावर इलाजच आहे, आणि फुकट आहे.

शेवटी, घरातल्या दुसऱ्या कुठल्यातरी आखूड, चांगल्या केबलने पुन्हा पूर्ण वेगाने चालवा. शेजारच्या पोराच्या कन्सोलची तासाभरासाठी मागून आणा. तिने काळोख गेला, तर आता खुशाल केबल घ्या.

फक्त आवाज तुटत असेल तर वाट वेगळी. टीव्हीतून साउंडबारकडे उलट जाणारा आवाज २००९ च्या मानकात एआरसी म्हणून आला आणि २०१७ च्या मानकात त्याचं वाढीव रूप, ईएआरसी. ईएआरसी केबलमधल्या ज्या दोन तारांवरून चालतं, त्यांतली एक एरवी टीव्ही जोडलाय की नाही एवढंच सांगते. जुन्या, हलक्या केबलमध्ये या दोन तारा एकमेकींभोवती नीट पिळलेल्या नसतात. टीव्हीत ईएआरसी बंद करून साधं एआरसी ठेवा. आवाज सुरळीत झाला तर नवी केबल घेण्याला अर्थ आहे, कारण ‘इथरनेटसह’ लिहिलेल्या किंवा अल्ट्रा हाय स्पीड केबलमध्ये ही जोडी धड असते. आणि टीव्ही, साउंडबार, बॉक्स एकमेकांना परस्पर चालू-बंद करत असतील, इनपुट आपोआप बदलत असेल, तर सीईसी नावाची सोय एकेका यंत्रावर बंद करत जा. तीन रिमोट वापरावे लागतील, पण भांडण थांबेल.

आपल्याकडचे उद्योग

परदेशी लोकांच्या सल्ल्यांत न सापडणाऱ्या काही गोष्टी आपल्या घरांत असतात.

पहिली, पाण्याची मोटर. नळाला पाणी आलं, मोटरचं बटण दाबलं, आणि बरोबर त्याच क्षणी पडदा काळा. विश्रामबागेतल्या एका बंगल्यात काकूंनीच हे पकडलं होतं, घरातले इंजिनिअर दुसरीकडे बघत होते. अशा घरात भिंतीत बघावं तर एचडीएमआयची केबल आणि मोटरची किंवा एसीची वायर एकाच पाइपातून गेलेली असते. मोटर चालू होताना जो झटका उठतो तो शेजारच्या केबलमध्ये उमटतो. फ्रीज, मिक्सर, ठिणगी पडणारं जुनं पंख्याचं बटण, सगळ्यांचं तेच. इथे चांगल्या केबलचा खरोखर उपयोग होतो, कारण प्रीमियम आणि अल्ट्रा हाय स्पीडच्या प्रमाणपत्रासाठी केबलमधून बाहेर किती गोंगाट जातो तेही तपासतात. त्यासाठी आवरण चांगलं लागतं, आणि बाहेर न सोडणारं आवरण आतही सहसा येऊ देत नाही. तरी पहिला उपाय म्हणजे वायरी वेगळ्या करणं. पाइप वेगळा करता येत नसेल तर केबल तात्पुरती जमिनीवरून टाकून बघा, म्हणजे निदान खात्री होईल.

दुसरी, डिशच्या वायरीला हात लावला की मुंग्या येणं. दोन पिनांच्या अडॅप्टरमधून थोडा प्रवाह यंत्राच्या धातूच्या अंगावर येतो आणि अर्थिंग नसेल तर त्याला जायला जागा नसते. गावभागातल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेली असतेच असं नाही. टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला आणि दुसरं अर्थिंगला लावलं आणि दिवा पेटला नाही, तर अर्थिंग नावापुरतं आहे. हे वायरमनकडूनच तपासून घ्या. तोवर एचडीएमआय केबल लावताना-काढताना दोन्ही यंत्रांचे स्विच बंद करायची सवय ठेवा. पोर्ट मरतात ते बहुधा चालू यंत्रात केबल खुपसताना.

तिसरी, वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं, कडाडतं, आणि दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. गच्चीवरच्या डिशच्या किंवा खांबावरून येणाऱ्या नेटच्या वायरीतून आलेला झटका बॉक्समध्ये शिरतो आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत. स्पाइक गार्ड फक्त लाइटच्या वायरीकडे बघतो, डिशची वायर त्याच्या हिशोबात नसते. प्लग काढला म्हणजे झालं असं नाही, डिशची वायरही बॉक्समधून सोडवायची. झटका बसलेला पोर्ट प्रत्येक वेळी पूर्ण मरत नाही. कधी तो अर्धवट जिवंत राहतो: डिश दिसते, ४के लुकलुकतं. पावसानंतर एकाच पोर्टवर त्रास सुरू झाला आणि बाकीच्यांवर नाही, तर केबल निर्दोष आहे.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेकाठच्या ज्या घरांत पाणी शिरलं, तिथे तळमजल्याच्या भिंतीतल्या पाइपांमध्येही ते गेलं. गाळ धुतला, भिंती रंगवल्या, टीव्ही नवीन आला, पण पाइपातली केबल तीच राहिली. वरून ती कोरडी दिसते. टोकाशी शिरलेलं पाणी मात्र आतल्या तांब्याच्या जाळीला हिरवा गंज चढवतं. अशी केबल फुल एचडी दाखवते आणि ४के मागितलं की मान टाकते. पुराचं पाणी पाहिलेली केबल तपासायच्या भानगडीत पडू नये, काढून टाकावी. सातारकडच्या डोंगरी भागात, महाबळेश्वर-पाचगणी-कोयनानगरला, पूर नाही पण चार महिने दमट हवा असते. तिथे पिना काळवंडतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे वापरा. रॉकेल किंवा खोबरेल नको. हो, खोबरेल लावलेला पोर्टही पाहिलाय.

उंदरांबद्दल वेगळं लिहीत नाही. खुणा दिसतातच.

घ्यायचीच झाली तर

पॅकेटवर ‘२.१ केबल’, ‘८के’, ‘४८ जी’ लिहिलंय म्हणून घेऊ नका. मानकाचा आवृत्ती-क्रमांक यंत्रांसाठी असतो, केबलवर तो छापायला मानकाचे मालकच परवानगी देत नाहीत. बघायचं ते ‘अल्ट्रा हाय स्पीड’ किंवा ‘प्रीमियम हाय स्पीड’ हे शब्द आणि पॅकेटवरचं चौकोनी कोड असलेलं लेबल. ते एचडीएमआयच्या केबल तपासणीच्या ॲपने स्कॅन केलं की प्रमाणपत्र खरं की खोटं ते कळतं. अधिकृत चाचणी केंद्रात प्रत्येक लांबीची वेगळी परीक्षा होते, त्यामुळे एक मीटरची पास झाली म्हणून तीच कंपनी पाच मीटरच्या केबलवर तसंच लेबल लावू शकत नाही. दुकानदार लेबल स्कॅन करू देत नसेल तर बाहेर पडा. दोन मीटरची लेबलवाली केबल साधारण हजाराच्या आत-बाहेर मिळते. त्याच्या वरचे पैसे कापडी वेणीचे, डब्याचे आणि दुकानाच्या एसीचे.

सोन्याबद्दल. आतल्या पिनांवर सोन्याचा पातळ थर असतो, तो गंज लागू नये म्हणून, आणि आपल्या हवेत त्याचा फायदा आहे. बाहेरच्या कवचावरचं सोनं नुसतं दाखवायला. सोनं तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे ही समजूतही चुकीची आहे: चांदी पहिली, मग तांबं, मग सोनं. २०२५ मध्ये ९६ गिगाबिटचं पुढचं मानक आलंय, तेव्हा लवकरच त्याचीही पॅकेटं टांगलेली दिसतील. डिश आणि सिनेमा बघणाऱ्याने ती घेऊ नयेत.

जाड केबल म्हणजे चांगली, हेही जपून. लांबी जास्त असेल तर आत जाड तार हवी हे बरोबर. पण दीड-दोन मीटरसाठी मनगटाएवढ्या पाइपासारखी कडक केबल भिंतीवरच्या टीव्हीला लावली की तिचं वजन रात्रंदिवस पोर्टला लोंबकळतं आणि वर्षभरात पोर्टच सैल होतो. लागते त्याहून थोडीच लांब, हाताने सहज वळेल अशी घ्या. साध्या तांब्याच्या केबलला १८ गिगाबिटसाठी पाच मीटर आणि ४८ साठी तीन मीटर ही मी सोयीची हद्द मानतो. त्यापुढेही निघतात, पण मग नशिबावर.

जास्त पैसे घालायची खरी जागा एकच आहे: प्रोजेक्टर किंवा भिंतीतून जाणारी दहा-पंधरा मीटरची लाइन. तिथे तांब्याचा हट्ट सोडून ऑप्टिकल एचडीएमआय (काचेच्या बारीक तंतूंतून उजेडाने सिग्नल नेणारी) घ्यावी. ती हजारांत जाते, पण अंतर तिला जाणवत नाही आणि मोटरचा झटकाही फारसा लागत नाही. तिला दोन पथ्यं आहेत. ती काटकोनात दुमडायची नाही, आतली काच तुटते. आणि तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, उलटी टाकली तर काहीच दिसत नाही.

घराचं काम चालू असेल तर केबलपेक्षा पाइपाकडे लक्ष द्या. वायरमन सवयीने २० किंवा २५ मिलिमीटरचा पाइप टाकतात, त्यातल्या वळणातून एचडीएमआयचं टोक जात नाही. मग टोक कापून जोडायचे बेत सुरू होतात, ते सपशेल नको. दोन इंची पाइप, काटकोनी बेंडऐवजी मोठं गोल वळण, आत एक नायलॉनची दोरी कायमची ठेवलेली, आणि लाइटच्या पाइपापासून हातभर अंतर, एवढं आधीच सांगा. दहा वर्षांनी केबल बदलायची वेळ आली तर भिंत फोडावी लागणार नाही.

आणि केबल पाइपात ओढायच्या आधी ती तशीच फरशीवर पसरून दोन्ही टोकं जोडा, पूर्ण वेगाने, एचडीआरसकट, एक अख्खा सिनेमा चालवा. ठिपका दिसला तर पॅकेट अजून हातात आहे, बिलही आहे. दुकानदार बदलून देतो. प्लॅस्टर झाल्यावर देत नाही.